तंबाखू सोडताना : पहिल्या महिन्याची आखणी

तंबाखू सोडण्याविषयीचे बहुतेक मार्गदर्शन सिगारेट ओढणाऱ्यांना समोर ठेवून लिहिलेले असते. महाराष्ट्रात मात्र २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के, तर मळलेली तंबाखू, मिश्री, गुटखा, खर्रा, मावा अशा धूरविरहित प्रकारांचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के आढळले होते. म्हणून पुढील सूचना विडी-सिगारेट ओढणाऱ्यांइतक्याच चुन्याची डबी खिशात बाळगणाऱ्यांसाठी आणि सकाळी मिश्री लावणाऱ्या स्त्रियांसाठीही आहेत.

सोडण्यापूर्वी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे, तो म्हणजे आपला प्रकार इतरांपेक्षा सौम्य आहे हा. विडीत तंबाखू कमी असली, तरी ती सारखी विझू पाहत असल्याने ओढणारा अधिक वेळा आणि अधिक खोल झुरके घेतो. मिश्रीला दात स्वच्छ करण्याचे साधन मानले जाते, पण ती भाजून कुटलेली तंबाखूच आहे. गरोदरपणात तिचे सेवन केल्यास बाळाचे वजन कमी भरण्याचा आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. खर्रा आणि माव्यातील सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठर होत जाते आणि शेवटी घास घेण्याइतकेही तोंड उघडेनासे होते. ही स्थिती पुढे कर्करोगाकडे नेऊ शकते, आणि तंबाखू सोडून सुपारी चालू ठेवल्यास ती थांबत नाही.

पहिले काम म्हणजे आठवडाभर नोंद ठेवणे. प्रत्येक वेळी तंबाखू घेताना किती वाजले होते, आपण काय करत होतो आणि सोबत कोण होते, एवढेच वहीत लिहावे. या नोंदीतून दोन वेगळ्या गोष्टी दिसू लागतात: काही वेळा शरीर निकोटीन मागत असते, तर काही वेळा चहा, जेवण, टपरीवरचा मित्र किंवा कामाची पाळी संपल्याची वेळ ही सवय जागी करत असते. या दोहोंवरचे उपाय निराळे आहेत, आणि माझ्या मते पुष्कळांचा निर्धार मोडतो तो एकाच उपायावर दोन्ही भार टाकल्यामुळे. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली विडी किंवा पहिला बार लागत असेल, तर शरीराचे अवलंबन तीव्र आहे असे समजावे आणि औषधाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवावी, घरच्यांना ती सांगावी आणि आदल्या रात्री डबी, पुडी, लायटर, मिश्रीचा डबा हे सारे घराबाहेर काढावे. ‘पाहुण्यांसाठी’ म्हणूनही काही ठेवू नये.

निकोटीनची च्युइंगगम औषधाच्या दुकानात मिळते, पण ती नेहमीच्या गोळीसारखी चघळत राहिल्यास उचकी लागते, पोटात जळजळ होते आणि औषध वाया जाते. ती सावकाश चावावी, जिभेला तिखट चुरचुर जाणवताच थांबून गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावी आणि चव ओसरल्यावर पुन्हा चावावी. चहा, कॉफी किंवा लिंबू सरबत घेतल्यानंतर किमान १५ मिनिटे ती तोंडात घालू नये, कारण आम्लामुळे निकोटीन अस्तरातून नीट शोषले जात नाही. तंबाखूत चुना मिसळतात त्याचेही कारण याच रसायनात आहे: चुन्याच्या अल्कधर्मामुळे निकोटीन वेगाने रक्तात उतरते, आणि म्हणूनच मळलेल्या तंबाखूची पकड इतकी घट्ट असते. गमची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी आणि सुमारे १२ आठवड्यांत ती हळूहळू कमी करत बंद करावी. व्हॅरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही तलफ कमी करणारी औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची असून ती ठरलेल्या तारखेच्या आधीच सुरू करावी लागतात. फेफऱ्याचा त्रास असणाऱ्यांना ब्युप्रोपिऑन चालत नाही. गरोदर स्त्रियांनी आणि अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी यांपैकी काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, झोपमोड, डोके जड होणे, कामात लक्ष न लागणे हे सारे होते आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत निवळते. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ जागा बदलावी, पाणी प्यावे, बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी, कोणाला तरी फोन करावा.

‘तंबाखूशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे ते थांबल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होणे स्वाभाविक आहे, आणि केवळ याच कारणाने पुन्हा बार भरणारे कितीतरी लोक आहेत. उठल्यावर कोमट पाणी, जेवणात भाकरी, पालेभाजी आणि कडधान्ये, रात्री दुधातून किंवा पाण्यातून इसबगोल आणि रोजचे चालणे यांनी ही अडचण सरते.

धूम्रपान करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धुरातील घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा लवकर करत असते. धूर थांबल्यावर तोच चहा-कॉफीचा रतीब अधिक बाधतो आणि येणारी अस्वस्थता तलफेसारखी भासते, म्हणून कप कमी करावेत. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी याच कारणाने डॉक्टरांना धूम्रपान सोडल्याचे कळवावे, म्हणजे ते मात्रा तपासून घेतील.

एखाद्या लग्नात किंवा प्रवासात हात पुन्हा तंबाखूकडे गेला, तर नवी तारीख शोधत बसू नये. उरलेली पुडी त्याच क्षणी टाकून द्यावी आणि तो प्रसंग वहीत नोंदवावा. एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते. हाच क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापलेला असतो. घरच्यांनी टोमणे मारू नयेत आणि रोज परीक्षाही घेऊ नये.

वयामुळे उशीर झाला असे मानण्याचे कारण नाही. ब्रिटिश डॉक्टरांच्या ५० वर्षांच्या पाहणीत, आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे १० वर्षांनी घटलेले दिसले. पन्नाशीत सोडणाऱ्यांनी त्यांतील सुमारे ६ आणि साठीत सोडणाऱ्यांनी सुमारे ३ वर्षे परत मिळवली. तोंडाची तपासणी मात्र सोडल्यानंतरही चालू ठेवावी. महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात गालांची आतली बाजू, हिरड्या आणि जिभेच्या कडा पाहाव्यात, आणि पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम किंवा पूर्वीपेक्षा कमी उघडणारे तोंड आढळल्यास दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्यांकडे किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात जावे, कारण सुरुवातीच्या अवस्थेत हे चट्टे बहुधा दुखत नाहीत.