झाडावर नोटीस दिसली, तर आधी तारीख बघा

गल्लीतल्या झाडाच्या खोडावर महापालिकेचा झाड तोडण्याच्या प्रस्तावाचा कागद चिकटवलेला दिसला, तर तारीख दिसेल असा फोटो लगेच काढा. महाराष्ट्रात 1975च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार हरकतीला जेमतेम सात दिवस मिळतात, आणि पावसात असे कागद फार टिकत नाहीत. हरकत लेखीच द्या, वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे. नुसतं ‘झाड तोडू नका’ लिहून भागत नाही. झाडाची जात, छातीच्या उंचीवर मोजलेला घेर, अंदाजे वय, घरटी असतील तर तीही नोंदवा. वय पन्नास किंवा जास्त वाटत असेल तर ठळक लिहा, कारण 2021च्या दुरुस्तीनुसार असं झाड ‘प्राचीन वृक्ष’ ठरतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.