नागपुरात हिमालयी जंगली पुदिना लावताना या चुका टाळा

काश्मीरपासून उत्तराखंडापर्यंत हिमालयातील ओढ्यांच्या काठी उगवणारा जंगली पुदिना, म्हणजे मेंथा लाँगिफोलिया, नागपुरातील गच्चीवर उन्हाळ्यात मान टाकतो, तेव्हा सगळा दोष उन्हाला दिला जातो. ऊन कारण आहेच. परंतु रोप मरते ते बहुधा कुंडीत तुंबलेल्या गरम पाण्यामुळे.

ओढ्याकाठची वनस्पती आहे म्हणून भरपूर पाणी घालणे, ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. पहाडात मुळांजवळचे पाणी वाहते आणि थंड असते, त्यात हवा मिसळलेली असते. याउलट आपल्या चिकण काळ्या मातीत ते साचून राहते आणि पारा ४५ अंशांवर गेला की तापलेल्या स्लॅबवरच्या कुंडीत मुळे गुदमरून कुजतात. पाने मलूल दिसतात, म्हणून आपण आणखी पाणी ओततो. त्यापूर्वी दोन पेरे बोट मातीत घालून पाहावे. ओल असूनही पाने झुकलेली असतील, तर रोपाला सावली हवी आहे. काळ्या मातीत रेती व गांडूळखत सढळ हाताने मिसळावे, मातीखालून आडवे धुमारे पसरतात म्हणून उथळ, पसरट कुंडी घ्यावी आणि ती विटांवर ठेवावी.

कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंडीत ओतण्याची सवय अनेक घरांत आहे. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. कूलरच्या गवती ताट्यांवर जमणारा पांढरा थर तोच. या पाण्याने पानांच्या कडा करपतात.

लागवड मार्चमध्ये नव्हे, तर पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरअखेर करावी, म्हणजे हिवाळाभर मुळे धरतात. एप्रिलमध्ये फांद्या छाटून कुंडी हिरव्या जाळीखाली, सकाळचेच ऊन मिळेल अशी ठेवावी. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, वरचा भाग वाळला तरी कुंडी लगेच रिकामी करू नये. माती उकरून धुमारे पांढरे व टणक लागले, तर रोप जिवंत आहे.

पानाखाली नारिंगी पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा हा बुरशीचा रोग. अशा फांद्या कापून घराबाहेर टाकाव्यात. पानांवर फिकट ठिपके आणि बारीक जाळे दिसले तर लाल कोळी ही कीड. त्यावर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा.

नेहमीचा पुदिना याच कुंडीत लावू नये, कारण धुमारे एकमेकांत गुंततात आणि या जातींचा संकरही सहज होतो. जंगली पुदिन्याचे पान लांबट, जवळजवळ बिनदेठाचे असून खालून राखाडी लव असते. रोपाची खात्री पटेपर्यंत ते खाऊ नये. खात्री पटल्यावरही चटणीला चार पाने पुरेत. काही रोपांच्या तेलात यकृताला बाधणारे पुलेगोन बरेच असते, त्यामुळे रोज काढा घेऊ नये आणि गरोदरपणी तो टाळावाच.