सह्याद्रीतील हिवाळी मुक्काम आणि थंडीचा अंदाज: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

हिवाळ्यातील मुक्कामी ट्रेकचे नियोजन करणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब असा असतो: जवळच्या शहराचे किमान तापमान घ्यायचे, गडाची उंची पाहायची आणि दर किलोमीटर उंचीला साडेसहा अंश वजा करून माथ्यावरची थंडी ठरवायची. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे आणि कळसूबाई १६४६ मीटरवर, त्यामुळे पुण्यात १० अंश असतील तर शिखरावर ३ अंश, असे उत्तर मिळते. हा हिशेब सोपा आहे, पाठ्यपुस्तकातून आलेला आहे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र, शांत रात्री तो बहुतेक वेळा चुकतो. या एका गृहीतकातून बाहेर पडायला मला जितका काळ लागला तितका हवामानातील दुसऱ्या कोणत्याही गोष्टीला लागला नाही, म्हणून त्याविषयीच अधिक विस्ताराने लिहितो.

साडेसहा अंशांचा नियम हा वातावरणाच्या सरासरी उभ्या रचनेचा आहे. हिवाळ्यात सूर्य मावळला, आकाश मोकळे असले आणि वारा पडला की जमीन आपली उष्णता वेगाने आकाशात सोडू लागते. तिला चिकटलेली हवा आधी गार होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. गार हवा जड असल्यामुळे ती डोंगरउतारावरून घरंगळत खाली येते आणि खोलगट जागी, ओढ्याच्या पात्रात, धरणाच्या काठच्या सपाटीवर साचत जाते. म्हणजे थंडीची उतरंड उलटी होते, पायथा माथ्यापेक्षा गार होतो. यालाच इन्व्हर्जन म्हणतात. महाबळेश्वरात बाजारपेठेपेक्षा वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या बहुतेक हिवाळ्यांत येतात, त्यामागे हेच कारण आहे. पुण्यातही पाषाण आणि एनडीएचा परिसर पहाटे गारठलेला असतो, तेव्हा मगरपट्ट्यातील नोंद कित्येक अंशांनी जास्त असते. तिथे मात्र बांधकामाने साठवलेली उष्णताही भर घालते. एकाच शहरात इतका फरक पडत असेल, तर शहराच्या आकड्यावरून पन्नास-साठ किलोमीटर दूर असलेल्या खोऱ्याचा अंदाज कसा बांधता येईल?

याचा व्यवहारातील अर्थ नीट समजून घ्यावा. पवना धरणाच्या काठी तंबू लावणारा नवखा माणूस “आपण तर खालीच आहोत” असे समजून पातळ पांघरूण नेतो, आणि लोहगड, तुंग, तिकोना यांच्या उतारांवरून ओघळलेली हवा रात्रभर त्याच्याभोवती साचत राहते. त्यातच हवेतील बाष्प तंबूच्या कापडावर दव होऊन बसते, आणि स्लीपिंग बॅग ओलसर झाली की तिची ऊब कमी होते. याउलट माथ्यावर हवा एखाद्या वेळी अधिक उबदार असली तरी तिथे वारा असतो. रात्री दरीतील हवा स्थिर झाली की वरच्या थराचा जमिनीशी होणारा घर्षणाचा संबंध तुटतो आणि डोंगराच्या धारेवरचा वारा पुष्कळदा वाढतो. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी साधारण शून्य अंशासारखी जाणवते. म्हणून मुक्कामाची सर्वांत सुखाची जागा बहुधा या दोन्हींच्या मधली असते: खोलगट भागाच्या तळापासून थोडी वर आणि वाऱ्याच्या आडोशाला. अर्थात जिथे वनविभागाची परवानगी आहे तिथेच.

मोबाइल ॲपला हे कळत नाही, कारण ते हवामानाच्या ज्या जागतिक प्रारूपांवर (संगणकीय मॉडेलांवर) चालते त्यांतील उत्तम प्रारूपेही जमिनीचे सुमारे ९ किंवा १३ किलोमीटरचे चौकोन करून गणित मांडतात. घाटमाथ्यावर एवढ्या अंतरात कोकणाचा तळ, कडा आणि पठार असे तिन्ही येऊन जाते, आणि प्रारूप त्यांची एकच सरासरी उंची धरते. भारतीय हवामान विभागाने मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू केली, ही मोठी प्रगती आहे. पण हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईच्या ओढ्याकाठची हवा आणि त्याच गडाच्या कोकणकड्यावरचा वारा हा फरक तिच्याकडूनही अपेक्षिता येणार नाही. ॲपमधील “जाणवणारे तापमान” या आकड्यावर तर मुळीच विसंबू नका. तो त्याच सरासरी चौकोनावर काढलेला असतो.

मग पाहायचे काय? संध्याकाळचे दवबिंदू तापमान पाहावे. हवा त्या अंकापर्यंत उतरली की दव पडू लागते, त्यातून सुप्त उष्णता बाहेर पडते आणि पुढची घसरण मंदावते, म्हणून तो अंक रात्रीच्या किमान तापमानाचा ढोबळ तळ समजता येतो. १२ असेल तर कडाक्याच्या थंडीची चिंता नको. ३ असेल तर खोऱ्यातील मुक्कामाचा फेरविचार करा. त्यानंतर इन्सॅटच्या उपग्रह छायाचित्रांत ढग शोधावेत, कारण उंचावरच्या विरळ ढगांची चादरही रात्रीची घसरण थोडीफार मंदावू शकते. वाऱ्यासाठी जमिनीलगतचा आकडा न घेता हवेच्या दाबाच्या ८५० हेक्टोपास्कल पातळीचा घ्यावा; ही पातळी सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असते, म्हणजे जवळजवळ साल्हेर आणि कळसूबाईच्या माथ्याइतकी. आणि पहाटे चारला निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या सुमारास असते; निघतानाची थंडी हा शेवटचा टप्पा नव्हे.

दोन-तीन दिवस आधीचा अंदाज उत्तरेकडे पाहून बांधता येतो. काश्मीर-हिमाचलावरून पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात तिथे पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) पुढे सरकला की त्यामागून कोरडे उत्तरी वारे खाली येतात. धुळे, जळगाव, निफाड आधी गारठतात आणि पुणे बहुधा त्यानंतर. हे आपण घरबसल्या शिकू शकता आणि ते अवघड नाही.

एक इशारा मात्र स्पष्ट शब्दांत देतो. किमान तापमान कमी नाही म्हणून रात्र सुरक्षित, असे कधीही मानू नका. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर या भागांत अवकाळी पाऊस आणि गार वाऱ्याने शेकडो मेंढ्या दगावल्या. आकाश ढगाळ होते, त्यामुळे ती दव गोठण्याची रात्र मुळीच नव्हती. तरीही भिजलेल्या अंगावरून वारा वाहत राहिला आणि लोकर असलेली जनावरे टिकली नाहीत. हिवाळ्यात आग्नेयेकडून दमट वारे आणि ढग येत असतील, पावसाची शक्यता थोडी जरी दाखवली असेल, तर मुक्काम रद्द करावा. याबाबतीत गटातील कोणाच्याही उत्साहाला मान देऊ नये.

मार्गदर्शकांविषयी माझे मत ठाम आहे. “मी इतकी वर्षे डोंगरात जातो” हे सांगणाऱ्यापेक्षा, नोंदी ठेवणाऱ्याकडून शिकावे. निफाडचा द्राक्षबागायतदार थंडीच्या पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, पाणी सोडतो. त्याला आपल्या बागेचा कोणता कोपरा आधी गारठतो हे माहीत असते, कारण चुकल्यास त्याचे पीक जाते. पायथ्याच्या गावातील काका-मावशींना “रात्री थंडी किती असते?” असे विचारण्याऐवजी “दव कुठल्या शेतात जास्त पडतं, वारा कधी सुटतो?” असे विचारा. उत्तरे अचूक मिळतात.

सुरुवातीचे अंदाज चुकतील, त्याने खचू नका. सरावाने हे जमते. किमान तापमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर घ्या, तो तंबूला न लावता खांद्याच्या उंचीवर मोकळ्या हवेत टांगा, आणि शक्य असल्यास दुसरा गवतालगत ठेवा, कारण हवामान केंद्राचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर वा त्याहून वर असतो आणि आपण झोपतो जमिनीवर. निघण्यापूर्वी स्वतःचा अंदाज वहीत लिहा, सकाळी प्रत्यक्ष आकडा त्यापुढे लिहा, सोबत आकाश, वारा, दवबिंदू आणि जागा खोलगट होती की उघडी एवढे टिपून ठेवा. पहिल्या हंगामात वेगवेगळे गड घेण्यापेक्षा एकच खोरे आणि त्याच्या वरची एकच धार निवडून पुन्हा पुन्हा तिथे जावे.