ओझोन मोजायचा तर आधी नळी बघा

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या विद्यार्थ्याला यंत्र शिकायची घाई असते. मी त्याला आधी गच्चीवर नेते, कारण ओझोनचे आकडे बिघडतात ते बहुतेकदा गच्चीवरची हवा यंत्रापर्यंत आणणाऱ्या नळीत.

यंत्र कळायला सोपं आहे. पाऱ्याच्या दिव्याचा 254 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश हवेतून सोडायचा. ओझोन तो शोषतो. मग ओझोन काढून टाकलेल्या हवेतून तोच प्रकाश सोडायचा आणि फरकावरून प्रमाण काढायचं.

नळी टेफ्लॉनचीच घ्या. रबराच्या नळीत ओझोन वाटेतच संपतो. कोरी टेफ्लॉन नळीसुद्धा सुरुवातीला थोडा ओझोन खाते, म्हणून आधी काही तास तिच्यातून भरपूर ओझोन असलेली हवा वाहू द्या. तोंड जमिनीकडे ठेवा, पाऊस आत जायला नको.

आता लांबी. इथे कंटाळा न करता हिशेब मांडा. आतला व्यास 4 मिलिमीटर आणि लांबी 5 मीटर असेल, तर नळीत सुमारे 63 मिलिलिटर हवा मावते. यंत्र मिनिटाला दीड लिटर ओढत असेल, तर हवा अडीच सेकंदांत पोचते. छान. सेकंदांचा एवढा बाऊ कशाला? बाहेर नायट्रिक ऑक्साइड ओझोनशी जुळून नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. ऊन तो फोडतं आणि ओझोन पुन्हा तयार होतो. नळीत अंधार! खर्च चालू, जमा बंद. हवेत 20 पीपीबी (म्हणजे अब्जात 20 भाग) नायट्रिक ऑक्साइड असेल, तर 25 अंश सेल्सिअसला 10 सेकंदांत साधारण 8 टक्के ओझोन वाटेतच जातो. वाहत्या रस्त्याकडेला तर याहून जास्त.

खोलीत एसी असेल तर नळीला उष्णतारोधक वेष्टन घाला, नाहीतर दमट हवेचं पाणी आत साचतं. धुळीचा फिल्टर मळला की बदला. साचलेली धूळही ओझोन खाते.

तपासणीसाठी शून्य हवा (ओझोन नसलेली हवा) आणि ठरावीक प्रमाणाचा ओझोन थेट यंत्राला जोडण्याचा मोह होतो, गच्चीचे जिने वाचतात ना! तसं करू नका. दोन्ही नळीच्या तोंडातूनच द्या. नंतर वाटल्यास यंत्रालाही द्या. दोन आकड्यांत जेवढी तफावत दिसेल, तेवढा ओझोन तुमच्या नळीत आणि फिल्टरमध्ये गेला.

फिल्टर बदलल्याची वेळ वहीत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. तेवढ्या मिनिटांच्या नोंदी पुसू नका, त्यांच्यावर खूण करून ठेवा.