औषध पेशीत टिकतंय का हे बघायचं कसं: रोडामाईनची टेस्ट, सोलापूरच्या उन्हाळ्यात

माझ्या मावशीची किमो चालू होती तेव्हा तिने मला एकदा विचारलं, पहिल्यांदा हेच औषध लागू पडलं होतं ना गं, मग आता का पडत नाही. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, काहीच सांगता आलं नाही. याची कारणं बरीच असतात, पण त्यातलं एक पेशीच्या मेंब्रेनमध्येच, म्हणजे बाहेरच्या पातळ पडद्यातच बसलेलं असू शकतं, आणि ते लॅबमध्ये मोजता येतं. ज्यांनी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला हा विषय घेतलाय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण दरवर्षी बघते, मुलं नुसती एमटीटी टेस्ट करतात आणि पेशी मेल्या नाहीत म्हणजे रेझिस्टन्स (औषधाला न दबणं) आहे असं लिहून मोकळी होतात. एमटीटी पेशी जिवंत किती ते सांगते, औषध आत किती राहिलं ते नाही सांगत.

आधी तुमचं औषध आत जातं कसं ते बघा. मेथोट्रेक्सेट फोलेटच्या ट्रान्सपोर्टरमधून, म्हणजे मेंब्रेनमधल्या ने-आण करणाऱ्या प्रोटीनमधून शिरतं, जेमसिटाबिन आणि सायटाराबिन न्यूक्लिओसाइडच्या, ईएनटी१ नावाच्या. ते दार कमी झालं तर डोस कितीही चांगला असो, औषध बाहेरच राहतं. डॉक्सोरुबिसिन, व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल यांना मात्र असं खास दार लागत नाही, ती मेंब्रेनमधून बरीचशी आपसूक झिरपतात, आणि त्यांची अडचण उलटी, आत आलेलं बाहेर फेकलं जातं. फेकणारा पंप म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन, १९७६ साली जुलियानो आणि लिंग यांना हॅमस्टरच्या कोल्चिसिनला न दबणाऱ्या पेशींत सापडला, पी म्हणजे पर्मिएबिलिटी. मला अजून नवल वाटतं ते याचं की आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून येणारं व्हिनक्रिस्टिन, यू झाडाच्या सालीतून सापडलेलं पॅक्लिटॅक्सेल आणि बॅक्टेरियातून मिळालेलं लालभडक डॉक्सोरुबिसिन, तिघांची रचना एकमेकांशी जुळत नाही तरी हा एकच पंप तिघांना बाहेर काढतो. त्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळतो. हे एटीपीचं नीट लक्षात ठेवा, सगळी टेस्ट त्याच्यावर उभी आहे.

रोडामाईन १२३ हा हिरवा चमकणारा रंग, पंप त्यालाही औषधासारखंच फेकतो. म्हणजे रंग आत किती उरला ते बघितलं की पंप चालू आहे का ते कळतं. दोन सेललाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) घ्या, एक साधी आणि एक तिच्यापासूनच तयार केलेली रेझिस्टंट. घेताना एसटीआर प्रोफाइल, म्हणजे लाइनची डीएनएवरून पटवलेली ओळख, मागा, कारण एमसीएफ-७/एडीआर म्हणून जी लाइन वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली गेली ती पुढे ओव्हरीच्या पेशींची निघाली, नावच बदलावं लागलं तिचं.

पेशी मोजून १ मायक्रोमोलर रंगात ३७ डिग्रीला ३० मिनिटं ठेवा, अंधारात. मग बर्फासारख्या गार पीबीएसने (पेशी धुवायचं खारट बफर) दोनदा धुवा आणि तीन ट्यूब करा. पहिली थेट बर्फात, ही तुमची सुरुवातीची रीडिंग. दुसरी बिनरंगाच्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, ३७ डिग्रीला तासभर. तिसरी तशीच पण २० मायक्रोमोलर व्हेरापामिल घालून, ते पंप अडवतं, आणि व्हेरापामिल ज्यात विरघळवलंय ते सॉल्व्हंट दुसऱ्या ट्यूबमध्येही तेवढंच घाला. रंग न लावलेली एक ट्यूब वेगळी ठेवाच. तासाने सगळ्या परत गार पीबीएसने धुवून फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशीची चमक मोजणारं मशीन), ४८८ नॅनोमीटरच्या लेझरने. मेलेल्या पेशी पीआयने (फक्त मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) वगळा.

आता सोलापूरचं सांगते. माझा पहिला प्रयोग एप्रिलात होता, लाइट गेलेली, थर्माकोलच्या डब्यातला बर्फ अर्ध्या तासात पाणी झाला आणि मी त्याच पाण्यात ट्यूब ठेवून धूत बसले. सेंट्रीफ्यूज पण गार केलेलं नव्हतं. रीडिंग आली तर रेझिस्टंट पेशींची बर्फातली ट्यूबसुद्धा फिकी! दोन दिवस मला वाटत राहिलं की रंगच आत गेला नाही, म्हणजे दाराचाच प्रॉब्लेम असणार. खरं तर एटीपीवर चालणारा हा पंप थंडीत थांबतो, आणि माझ्या कोमट पाण्यात तो धुता धुताच रंग बाहेर फेकत होता. तेव्हापासून मी पीबीएस आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवते, सेंट्रीफ्यूज आधी ४ डिग्रीला आणते, आणि बर्फ लागतो त्याच्या दुप्पट आणते.

मशीन इथे नाही मिळालं आणि पुण्याला स्लॉट घेतला तर पेशी इथूनच रंगवून नेऊ नका, अडीचशे किलोमीटरात काही शिल्लक राहत नाही. फ्लास्क मीडियमने काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, उन्हापासून सांभाळून न्या, रात्रभर तिथल्या इन्क्युबेटरमध्ये बसू द्या आणि रंगवणं सकाळी तिथेच.

वाचताना पहिल्या ट्यूबचा आकडा १०० धरा. साध्या पेशींत दुसरी फारशी उतरत नाही, रेझिस्टंटमध्ये धाडकन उतरते आणि व्हेरापामिलवाली परत वर येते, असं दिसलं तर पंप आहे म्हणायला हरकत नाही. एक फसगत होते, रोडामाईन मायटोकाँड्रियात साठतो, त्यामुळे मायटोकाँड्रिया बिघडलेल्या असल्या तरी पेशी फिक्या दिसतात, म्हणून नुसत्या फिकेपणावर जाऊ नका, व्हेरापामिलने फरक पडतो का ते बघा.

आणि हे वाचून कुणी घरच्या पेशंटला व्हेरापामिल द्या असं कृपा करून सांगू नका. १९८१ मध्ये त्सुरुओ यांच्या गटाने त्याने व्हिनक्रिस्टिनचा रेझिस्टन्स मोडतो हे दाखवलं तेव्हा फार आशा होती, पण ते बीपी आणि हार्टचं औषध आहे, पंप अडवण्याइतका डोस माणसाला झेपत नाही. पुढे पंप अडवणारी व्हॅल्स्पोडार, टॅरिक्विडार ही औषधं आली, त्यांच्या मोठ्या ट्रायल्समध्येही हवा तसा फायदा दिसला नाही. हाच पंप आतड्यात, लिव्हरमध्ये, किडनीत, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आपल्याला सांभाळत असतो, तो अडवला की किमोचं औषध अंगात जास्त वेळ राहतं आणि डोस कमी करावा लागतो.

व्हेरापामिलने काहीच हललं नाही तर लगेच प्रयोग फसला म्हणू नका. पंप दुसरा असू शकतो, एमआरपी१ नावाचा असेल तर कॅल्सीन-एएम हा रंग आणि एमके-५७१ हे अडवणारं रसायन अशी जोडी लावा, बीसीआरपी नावाच्या पंपाला हेक्स्ट ३३३४२ हा रंग आणि केओ१४३ हे अडवणारं. त्यातही काही नाही आणि औषध जेमसिटाबिनसारखं असेल तर ईएनटी१ किती आहे ते मोजा.