आपल्या धंद्यावरील मोटारीच्या परिणामाची नोंद कशी करावी

मोटारीने समाज आणि व्यापार कसा बदलला, हे लिहू पाहणारे बहुतेक जण कार्ल बेंझच्या १८८६ च्या पेटंटपासून सुरुवात करतात. नाशिककराने मात्र आपल्या घरच्या धंद्यापासून किंवा रोजच्या एका रस्त्यापासून आरंभ करावा, कारण तेवढा इतिहास दुसरे कोणी लिहिणार नाही.

विषय लहान ठेवावा. ‘नाशिकची वाहतूक’ एकट्याला पेलणार नाही. ‘नाशिकरोड स्टेशनापासून गावात माल कसा येई’ हा विषय पेलेल. स्टेशन गावापासून दूर असल्याने या वाटेवर बैलगाड्या, टांगे आणि एके काळी ट्रामही चालत असे. मोटारीपूर्वीचे आणि नंतरचे चित्र समजण्यासाठी जिल्हा गॅझेटियरची (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) १८८३ ची आणि १९७५ ची आवृत्ती शेजारी ठेवून व्यापार व दळणवळणाची प्रकरणे वाचावीत.

मग वडीलधाऱ्यांकडे जावे. ‘मोटार आल्यावर काय बदलले?’ असे विचारल्यास ‘सगळेच’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी माल बाजारात पोहोचायला किती वेळ लागे, मुक्काम कुठे पडे, भाडे कोण ठरवी आणि वाटेत किती माल नासे, हे विचारावे. द्राक्षे आणि भाजीपाला यांसारख्या नाशवंत मालाच्या बाबतीत शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे, कारण रात्रीतून कसारा घाट उतरून मुंबई गाठणाऱ्या ट्रकमुळे शेतकऱ्याने काय लावायचे, हा निर्णयच बदलला. ज्यांचा धंदा गेला, त्यांनाही वगळू नये: टांगेवाले, चाकाला धाव (लोखंडी पट्टी) बसवणारे लोहार, गाड्या घडवणारे सुतार. सातपूरच्या मोटार कारखान्यांत लागलेल्या पहिल्या पिढीला शेतीतून पाळीच्या (शिफ्टच्या) कामावर येताना काय सोडावे लागले, हेही विचारावे. घरातील स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलावे. एसटीमुळे माहेरच्या फेऱ्या आणि मुलींची शाळा कशी बदलली, हे त्याच नेमके सांगतात.

आठवणींतील साले अनेकदा चुकतात, म्हणून प्रत्येक साल पक्क्या खुणेशी ताडून पाहावे. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला गेली. त्यापूर्वीची ‘एसटी’ कोणी सांगितली, तर ती खासगी सर्व्हिस मोटार समजावी. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार आठवत असेल, तर तो बहुधा दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोलटंचाईचा काळ असतो. फोटोतील गाडीवर ‘एमएच १५’ हा नाशिकचा नोंदणी क्रमांक दिसल्यास तो १९८९ च्या आधीचा नसतो.

जुन्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या), परमिटे, आडतीच्या (दलालीच्या) पावत्या आणि भाड्याच्या वह्या मूळ मालकाकडेच राहू द्याव्यात; परवानगी घेऊन फोटो काढावेत आणि कागद कोणाकडे, कोणत्या तारखेला पाहिला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे.