घरांचे नकाशे काढायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

आमच्या ऑफिसातून निघालेली एकच फाइल चार जणांकडे जाते: आरसीसी डिझाइन करणाऱ्या इंजिनीअरकडे, ऑनलाइन मंजुरीला, मोठ्या कागदावर प्रिंट काढणाऱ्या प्लॉटरवाल्याकडे आणि पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवरून ठेकेदाराच्या फोनात. सॉफ्टवेअर निवडताना मी या चौघांकडे बघते. स्क्रीनवर काय छान दिसतं ते नंतर.

नागपुरात मानेवाड्याच्या बाजूला आम्ही तिघं मिळून घरांचे नकाशे काढतो. बहुतेक ३० बाय ५०चे प्लॉट, तळमजला अधिक एक. मधूनच एखादा बंगला किंवा चार फ्लॅटची बिल्डिंग. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल किंवा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून जे स्वतःचं टेबल मांडणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मोठ्या आर्किटेक्ट फर्मचं गणित वेगळं, ते यात शोधू नका.

चौघांपैकी पहिल्या दोघांना डीडब्ल्यूजी फाइलच लागते, आणि प्लॉटरवालाही बऱ्याचदा तीच मागतो. नकाशे काढायचं सगळ्यात रुळलेलं सॉफ्टवेअर ऑटोकॅड १९८२ साली आलं, तेव्हापासून हेच त्याचं फॉर्मॅट. पण डीडब्ल्यूजीतही पिढ्या आहेत. २०१० ते २०१२च्या आवृत्त्यांचं एक, २०१३ ते २०१७चं दुसरं आणि २०१८पासूनचं तिसरं. आरसीसीवाल्या सरांच्या कॉम्प्युटरवर जुनी आवृत्ती असेल तर तुमची नवी फाइल त्यांच्याकडे उघडतच नाही, आणि ते कळतं तेव्हा साइटवर कॉलमच्या खड्ड्यांची आखणी खोळंबलेली असते. म्हणून ऑप्शन्समध्ये जाऊन कायमचं २०१०चं सेव्ह लावून ठेवायचं. कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, हे त्याला जमतं का ते आधी बघा.

आता मंजुरी. नागपुरात प्लॉट कुठे आहे त्यावर महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास की एनएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) ते ठरतं, पण बांधकामाचे नियम डिसेंबर २०२०पासून राज्याच्या एकत्रित नियमावलीतले, म्हणजे यूडीसीपीआरचे. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरचं घर कमी जोखमीचं धरलं आहे आणि १५० ते ३०० चौरस मीटरवाल्यांसाठीही प्रक्रिया आटोपशीर केली आहे. आपला पंधराशे फुटांचा प्लॉट भरतो १३९.३५ चौरस मीटर, म्हणजे पहिल्याच गटात. यावरून पुष्कळ घरमालक समजतात की नकाशाच लागत नाही. लागतो. नियमांत बसणारा, आर्किटेक्टची किंवा लायसन्सधारक इंजिनीअरची सही असलेला.

ऑनलाइन प्लॅन दाखल करताना त्याची तपासणी मशीन करतं, माणूस नंतर. मशीनला प्लॉटची हद्द, मार्जिन (भोवती सोडायची मोकळी जागा), जिना, बाल्कनी हे सगळं ठराविक नावाच्या लेअरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या थरावर, आणि बंद पॉलिलाइनमध्ये, म्हणजे सलग जोडलेल्या रेषेत हवं असतं. रेषेवर रेषा पडली असेल किंवा कोपरा केसभर उघडा राहिला असेल, तर ते क्षेत्रफळ धरतच नाही. म्हणून ओव्हरकिल (दुहेरी रेषा काढणारी), पर्ज (न वापरलेलं काढणारी), ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधणारी) या कमांड रोजच्या सवयीच्या झाल्या पाहिजेत. आणि सॉफ्टवेअर घेण्याआधी ज्यांच्या लॉगिनमधून तुमचे प्लॅन दाखल होणार, त्यांना विचारा: तपासणीचं प्लगइन, म्हणजे कॅडला जोडायचा जादा प्रोग्राम, कोणत्या कॅडवर चालतं? पूर्ण ऑटोकॅडसाठी बनवलेलं प्लगइन ऑटोकॅड एलटीवर, म्हणजे त्याच्या स्वस्त, कमी सोयींच्या आवृत्तीवर चढत नाही. स्वस्त म्हणून एलटी घेतलं आणि दाखल करायच्या दिवशी दुसऱ्याच्या ऑफिसात खुर्ची मागत फिरलं, असं आमच्या धंद्यात नेहमी होतं.

मापांचंही इथेच बघून घ्या. मंजुरीला मीटर लागतात, ठेकेदाराचा टेप फूट-इंचात, आणि काकूंना किचन ‘दहा बाय बारा’च हवं असतं. आम्ही मिलिमीटरमध्ये काढतो आणि डायमेन्शन स्टाइलमध्ये ऑल्टरनेट युनिट लावून साइटच्या प्रिंटवर दोन्ही मापं दाखवतो. यासाठी दोन वेगळ्या फाइल केल्या की एकीत भिंत सरकते आणि दुसरीत ती जागेवरच राहते.

विकत काय घ्यायचं? ऑटोकॅडचं कायमस्वरूपी लायसन्स २०१६पासून नवीन मिळत नाही, वर्गणीच भरावी लागते. नुसतं टू-डी काम असेल तर एलटी पुरतं. २०२४च्या आवृत्तीपासून त्यात लिस्पही (स्वतःच्या कमांड लिहायची भाषा) चालतं, प्लगइन मात्र अजूनही नाही. झेडडब्ल्यूकॅड, जीस्टारकॅड, ब्रिक्सकॅड या ऑटोकॅडसारख्याच सॉफ्टवेअरची लायसन्स एकदाच पैसे भरून घेता येतात आणि कमांड जवळपास त्याच, त्यामुळे आयटीआयमधून ऑटोकॅड शिकून आलेला मुलगा पहिल्या दिवशीच कामाला लागतो. माझं मत विचाराल तर तीन टेबलांच्या ऑफिसात एक पूर्ण ऑटोकॅड आणि बाकी टेबलांवर यांतलं एखादं, हे जमतं. लिब्रेकॅड फुकट आहे, हात बसवायला चांगलं. पण ते डीडब्ल्यूजी सेव्ह करत नाही, डीएक्सएफ हे दुसरं फॉर्मॅट देतं, म्हणून ऑफिसच्या कामाला नाही. विद्यार्थी लायसन्सवर पैशाचं काम करायची परवानगी नसते, हेही ध्यानात असू द्या.

क्रॅकबद्दल, म्हणजे चोरीच्या कॉपीबद्दल, फार बोलत नाही, सगळ्यांना माहीत आहे. कायद्याचा भाग सोडला तरी पेन ड्राइव्हवरून आलेल्या फोल्डरमध्ये एसीएडी डॉट एफएएस नावाची व्हायरसची फाइल बसलेली असते आणि ती प्रत्येक ड्रॉइंगसोबत पसरत जाते. मग कमांड भलतंच काहीतरी करू लागतात. २०१४पासून ऑटोकॅडमध्ये अशा अनोळखी फाइलना अडवणारी सिक्युअरलोड नावाची सोय आहे. ती चालूच ठेवा.

थ्री-डीची गरज घरमालकामुळे पडते. प्लॅन वाचता येणारे घरमालक थोडे. थ्री-डी मॉडेल करायला स्केचअप शिकायला सोपं, मात्र फुकटची वेब आवृत्ती धंद्यासाठी नसते. आम्हाला त्याचा खरा उपयोग उन्हासाठी होतो. नागपूर २१ अंश अक्षांशावर, मेच्या शेवटी भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, आणि चारनंतर पश्चिमेच्या भिंतीवर जो मारा होतो तो छज्ज्याने अडत नाही. मॉडेलमध्ये गाव, तारीख आणि वेळ टाकून सावली फिरवून दाखवली की पश्चिमेची मोठी खिडकी मालक स्वतःच लहान करायला सांगतात. त्यात आपल्याकडे प्रत्येक काकूंचा पहिला प्रश्न, “इथं कूलर कुठं बसन?” त्याची खिडकी, बाहेरचा स्टँड, पाण्याचा नळ, हे मॉडेलमध्ये आधीच दाखवलं की स्लॅब पडल्यावर तोडफोड होत नाही.

रेव्हिटकडे नवीन मुलांची ओढ फार. त्यात अख्ख्या घराचं एकच मॉडेल करतात आणि सगळे नकाशे त्यातून निघतात. बंगल्याला ते खरंच कामाचं: जिना फिरवला की सेक्शन आणि एलिव्हेशन आपोआप बदलतात, कॅडमध्ये ते एकेक करत बसावं लागतं. पण आपल्या पद्धतीच्या खिडक्या, ग्रिल, ओटा यांच्या फॅमिली (तयार नमुने) बनवण्यात सुरुवातीचे दिवस जातात, पुढच्या आवृत्तीत सेव्ह केलेली फाइल मागच्या आवृत्तीत उघडत नाही, आणि शेवटी समोरचा डीडब्ल्यूजीच मागतो. नोकरीसाठी मोठ्या शहरात जायचं असेल तर जरूर शिका. इथे घरांचंच काम करायचं असेल तर दुसऱ्या वर्षी बघा.

कोणतंही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्याच्या ट्रायलवर आपलाच एक पूर्ण झालेला जॉब चालवून बघायचा. नवं घर काढत बसू नका, जुनीच फाइल उघडा. हॅच (भिंतींत वगैरे भरलेल्या तिरप्या रेषा) जागेवर आहे का, प्लॉट स्टाइलमध्ये, म्हणजे प्रिंटच्या सेटिंगमध्ये, रेषांची जाडी तीच येते का, ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात का, ‘देवघर’ आणि ‘न्हाणीघर’ पीडीएफमध्ये नीट उमटतात का. मराठीची वेलांटी भलत्या जागी गेलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. मग तीच फाइल आरसीसीवाल्यांना पाठवा आणि त्यांच्याकडून परत मागवा. परत आलेली फाइल जशीच्या तशी असली तरच पैसे भरा.

पैसे कधी भरायचे, तर आपल्याकडे काळ्या मातीत पावसाळ्यात पाया खणता येत नाही, म्हणून घरांचं काम दिवाळीनंतर उठतं आणि नकाशांची गर्दी त्याच्या थोडी आधी. सुरुवातीला वर्षाची वर्गणी जड वाटली तर गर्दीच्या काळात महिन्याची घ्या. महिन्याचा दर चढा पडतो, तेवढा धरूनच त्या नकाशांची फी सांगा.